लिंब सरकला त्याची मोजणी

मोजणी झाली आणि बांध आमच्याच आबांनी कोरला, असं निघालं. पण असं काही घडलंच नाही, हे आमच्या घरात ठरलंय. तेव्हा पहिलं वाक्य तुम्हीही वाचलेलं नाही.

अर्धापूरला आमची केळीची बाग. विहिरीवर ताठ उभं राहायचं, मान वळवायची नाही. डावीकडच्या बांधावरचा लिंब दिसला की रान जागेवर. आबांची ही खानदानी पद्धत. मान वळवली की म्हणे अंदाज बिघडतो.

एक दिवस आबा म्हणाले, "दया, लिंब दिसंना. शेजारचा शरणप्पा बांध कोरून राहिला."

झाड सरकत नाही, हे मला विज्ञान शाखेमुळे माहीत होतं. शरणप्पाकाकांबद्दल मात्र विज्ञान गप्प होतं. मी छातीठोकपणे सरकारी मोजणी मागवली.

मोजणीवाले यंत्र घेऊन आले. बराच वेळ चालून म्हणाले, "बांध कोरलाय, पण तुमच्या बाजूनं. केळीची शेवटची ओळ त्यांच्या रानात हाय."

आबा शेजारच्या रानाकडं बोट करून ओरडले, "बोलवा त्या शरणप्पाला!"

"मी सकाळधरनं तुझ्या डाव्या हाताला उभा हाय, ग्यानोबा," शरणप्पाकाका म्हणाले.

आबा असे दचकले, जणू माणूस जमिनीतून उगवला.

"काका, आमची ओळ तुमच्यात आली, बोलला का न्हाईत?" मी विचारलं.

"मला वाटलं, आवडीनं आला." मग त्यांनी आबांकडं निरखून पाहिलं. "डॉक्टरनं दिलेले काचबिंदूचे थेंब टाकतूस का न्हाई?"

"समोरचं झ्याक दिसतंय. दुखत न्हाई, खुपत न्हाई. कशाला टाकू?"

मायनं घरातून थेंबांची सीलबंद बाटली आणून मोजणीवाल्यांच्या हातात दिली. का, ते त्यांनाही कळलं नाही.

नांदेडला डॉक्टरांनी आबांना यंत्रात डोकं घालायला लावलं. ठिपका चमकला की बटन दाबायचं. डावीकडं किती तरी ठिपके चमकले. आबा शांत बसून होते.

"काचबिंदूत कडेची गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेली राखायची. थेंब रोज, जन्मभर. तपासणी वेळेवर."

परतताना आबा एस.टी.त खिडकीशी बसले. अर्धापूर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "तुझी माय त्या लिंबाखाली भाकरी सोडायची. मला विहिरीवरून दिसायची. मान वळवावी लागायची न्हाई."

"आता वळवा की."

"वळवली की तिला कळतंय, मी बघून राहिलो."

आता माय विहिरीसमोर भर उन्हात छत्री घेऊन बसते. "आधी थेंब," ती म्हणते, "मग बघा काय बघायचं ते." आबा निमूट डोळे वर करतात. थेंब पडला की डोळा मिटून बसतात, आणि उघडला की आधी समोर बघतात.

तरी भूमि अभिलेख कार्यालयास विनंती की, सदर लिंबाचे झाड सावलीसह डाव्या बांधावरून उचलून विहिरीच्या नाकासमोर लावण्यात यावे व नकाशात तशी दुरुस्ती करावी. शेजारी शरणप्पा यांची हरकत नाही.