जमिनीत बुडवलेली भिंत

श्रावणनानांच्या अंगणात जेवणानंतर शतपावलीला निघालेला नवा पाव्हणा हमखास चरात पडायचा. नाना वरून हात द्यायचे आणि वर त्यालाच दटावायचे, "भीत दिखनी नही का?"

कशी दिसणार? नानांनी भिंतच खड्ड्यात बांधली होती! नाना पूर्वी धुळ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. तिथे बागेच्या कडेला खोल चर खणून त्यात भिंत उतरवलेली होती. गुरं आत येत नसत आणि व्हरांड्यात बसलेल्या साहेबाला पार पांझरा नदीपर्यंत सगळं मोकळं दिसे. नोकरी सुटल्यावर नाना आमच्या गावी परतले ते ही विद्या घेऊनच.

तिचा उपयोगही लवकरच झाला. धाकटा भाऊ दगडू याच्याशी त्यांचं विहिरीच्या पाण्यावरून वाजलं. दगडूला थोरल्याचं तोंड बघायचं नव्हतं. पंचांनी अंगण वाटून दिलं आणि मध्ये डोक्याएवढी भिंत घालायला नानांना सांगितलं. नानांनी घातली. अगदी डोक्याएवढीच, फक्त जमिनीखाली. दगडू बिचारा ओट्यावर पाठ फिरवून बसू लागला.

मला हा वस्तादपणा भलताच आवडला होता. नाना मात्र धास्तावलेले असत. शाळेत जाताना रोज मला अडवायचे, "मास्तर, धाकला पंचेसकडे गया का हो?" त्यानं तक्रार केली असती, तर भिंत वर आणावी लागली असती.

शेवटी मी वैतागलो. "मग आणा की वर! एवढं काय बघायचंय पलीकडे?"

नानांनी तंबाखू मळायला घेतली. "बायको ना पोर, एकला शे तो," म्हणाले. "सांजले चूल पेटनी का, इतलं दखस."

एका संध्याकाळी नाना धापा टाकत माझ्या दारात आले. पलीकडे चूल पेटलेली नव्हती. बोलणं बंद, म्हणून त्यांनी मला पुढे धाडलं आणि स्वतः चराच्या काठावर थांबले. दगडू तापानं फणफणला होता. मी त्याला पाणी पाजलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली.

"कोनी सांगं तुमले?" त्यानं विचारलं.

"नानांनी."

दगडूला नवल वाटलेलं दिसलं नाही. "माले माहीत शे, भाऊ रोज दखस," तो म्हणाला. "म्हनीसन तं मी पंचेसकडे गऊ नही."

आणि त्यानं गोधडी तोंडावर ओढून घेतली.