कामी आलेला पेंटर

"कर्ज काढायला अक्कल लागते. फेडायला काय, कुठलंही गाढव फेडतं!" हे पेंटरचं आवडतं वाक्य. आपण गाढव नाही हे जगाला दाखवण्यासाठी त्याने राहतं घर बँकेकडे गहाण टाकलं, पाट्या रंगवायचं झोकदार दुकान काढलं आणि काचेवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'अक्षर असं की गिऱ्हाईक थांबलंच पाहिजे'. दुकान उघडलं त्याच आठवड्यात युद्ध सुरू झालं आणि सगळंच थांबलं.

युद्ध कशावरून सुरू झालं हे पहिले काही महिने सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे ते लांबलं, चिघळलं आणि कारण जे कुठे ठेवलं गेलं ते पुन्हा सापडलंच नाही. रेडिओवर मात्र रोज आपला विजय व्हायचा. साधा विजय झाला की पेट्रोल महागायचं. मोठा विजय झाला की पगार कापले जायचे. 'निर्णायक विजय' असे शब्द कानावर पडले की शहाणी माणसं हातातलं काम टाकून साबण आणायला पळायची. बाजार असा बसला की जावयासारखा उठायचं नावच घेईना. "ही मंदी नव्हे," अर्थमंत्री म्हणाले, "बाजार विश्रांती घेतोय." एवढी विश्रांती इस्पितळातला पेशंटही घेत नाही!

या दिवसांत पेंटरच्या एकाच पाटीला मागणी होती. 'दुकान भाड्याने देणे आहे.' ती त्याने इतक्यांदा रंगवली की झोपेतही त्याचा हात हवेत 'दु' काढायचा. पण ज्याचं दुकानच बसलं तो पाटीचे पैसे कुठून देणार? शेवटी एक दिवस त्याने तीच पाटी स्वतःच्या दुकानावर ठोकली आणि चार पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघितली.

"काही म्हण, अक्षर सुरेख आलंय!" तो बायकोला म्हणाला.

"मग हप्त्याला तेच द्या. बँक म्हणतेय महिनाअखेर पैसे नाही आले तर घराला कुलूप! कुलपावर काढा सुरेख अक्षर!"

एवढ्यात सैन्याला पेंटर हवे असल्याची बातमी आली. खऱ्या रणगाड्यांचे पैसे विजयाच्या मिरवणुकांत संपले होते. म्हणून सीमेजवळच्या छावणीत प्लायवुडचे रणगाडे ठोकून, आधी लाल अस्तर आणि वर हिरवा रंग मारून ते शेतात उभे करायचे आणि शत्रूच्या विमानांनी ते खरे समजून आपले महागडे बॉम्ब त्यांच्यावर टाकायचे, अशी योजना होती. पेंटर ब्रश घेऊन निघाला. "बघ, एका महिन्यात बँकेच्या तोंडावर पैसे फेकतो की नाही!" बायकोला असं बजावून तो गेला. पगार रोख नसून युद्धरोख्यांत मिळणार आणि ते रोखे युद्ध संपल्यावर वटणार, हे त्याला तिथे पोचल्यावर कळलं.

घरी मागे बायको आणि आत्या. ही पेंटरची आत्या. तिला ऐकायला कमी आणि बोलायला जास्त लागायचं. बायको साबणाच्या रांगेत उभी असताना घरातला फोन वाजला तो हिनेच उचलला.

पलीकडे बँकेचा मॅनेजर. काटकसर म्हणून बँकेने वसुलीची माणसं कमी केली होती, तेव्हा हप्ते थकलेल्या कर्जदारांना धमक्याही बिचाऱ्यालाच द्याव्या लागत.

"पेंटर आहेत का घरी?"

"नाही हो, गेला तो!"

"गेला? कुठे गेला?"

"लढाईवर!" आत्याचा ऊर भरून आला. "आम्हाला वाटायचं, याचा जन्म फुकट जाणार. आजवर कुणाच्या म्हणून उपयोगी पडला नाही. पण शेवटी देशाच्या कामी आला हो माझा भाचा!"

मॅनेजरने वसुलीची वही मिटली.

"कामी... आले?"

"म्हणजे काय! पोचला काय आणि कामी आला काय! पहिल्याच दिवशी!"

"अरेरे! आणि वहिनी? त्यांचं कसं?"

"तिचं काय, ती सुटली! कधीची त्याच्या मागे लागली होती, जा एकदाचे म्हणून!"

मॅनेजरने चष्मा काढला. "फार... फार हाल झाले का हो त्यांचे?"

"छे! नखशिखांत लाल झालाय, तसं पत्रच आलंय. केसांपासून बोटांपर्यंत. घासून घासून धुतलं तरी निघत नाही. परवा तर सोबतच्यांनी ओळखलंच नाही त्याला!"

"पुरे, आत्याबाई, पुरे!" मॅनेजर म्हणाला. एरवी मंडळी त्याला "उद्या भरतो" म्हणून फसवत. मरून हप्ता चुकवणारा हा पहिलाच निघाला.

आता इथे एक खुलासा करायला हवा. सरकारची एक योजना होती. जो युद्धात कामी येईल त्याचं सगळं कर्ज, व्याजासकट, सरकार बँकेला चुकतं करणार. पुरावा? खात्री करायला माणूस पाठवायचा तर त्याला प्रवासभत्ता द्यावा लागतो, आणि भत्ते तर बंद. म्हणून घरातल्या किंवा शेजारातल्या वडीलधाऱ्या माणसाचा शब्द पुरावा म्हणून पुरेसा, मग तो फोनवर का असेना. जगातली सगळी कार्यक्षमता अशी पैसे नसल्यामुळेच जन्माला येते.

महिना संपायच्या आत मॅनेजर दारात हजर. एका हातात पांढऱ्या फुलांचं चक्र, दुसऱ्या हातात घराचे कागद.

"वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "कर्ज पूर्ण माफ झालंय. घर आता तुमचं. त्यांचं जाणं व्यर्थ नाही गेलं."

"कुणाचं जाणं?"

"पेंटरसाहेबांचं."

 बायको दारातल्या स्टुलावर मटकन बसली. कागद मांडीवरून खाली घसरले, तिने उचललेसुद्धा नाहीत. "मीच म्हटलं होतं त्यांना, जा म्हणून," ती पुटपुटली. मॅनेजरला पाणी कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं, त्यामुळे तो फुलांच्या चक्रानेच तिला वारा घालू लागला.

आणि फोन वाजला!

"अगं ऐकतेस का, मी बोलतोय! हे लेकाचे पगार रोख्यांत देतायत!"

बायको ताडकन उभी राहिली. "अहो! तुम्ही?"

"मी नाही तर कोण? किंचाळतेस काय?"

"कुणाचा फोन, वहिनी?" मॅनेजरने विचारलं.

बायकोने एकदा फोनकडे बघितलं, एकदा जमिनीवरच्या कागदांकडे. संसारात अक्कल कुणाकडे असते ते अशा वेळी कळतं.

"यांच्या भावाचा," ती डोळे पुसत म्हणाली. "आवाज अगदी यांच्यासारखा आहे हो!"

"भाऊ?" फोनमधून पेंटर ओरडला. "मला कुठाय भाऊ?"

"आता आहे! भावोजी, नीट ऐका. तुमचे भाऊ लढाईत कामी आले. सरकारने त्यांचं सगळं कर्ज फेडलं. घर सुटलं. कळतंय का, भावोजी? घर सुटलं!"

 पलीकडे दूर कुठेतरी शत्रूचा एक महागडा बॉम्ब प्लायवुडवर वाया गेला.

"म्हणजे मी मेलो?"

"हो ना!"

"आणि घर आपलं?"

"हो, भावोजी!"

"मग रडतेस कशाला? पेढे... म्हणजे तसं नाही, तू रडच!"

पुढच्याच आठवड्यात पेंटर स्वतःचा धाकटा भाऊ बनून घरी आला. मिशा वाढवलेल्या, भांग उलटा. आत्याने त्याला पाहिलं आणि म्हणाली, "आलास का रे? मिशा कसल्या घाणेरड्या ठेवल्यास!" तिला या प्रकरणातलं काहीच कळलेलं नव्हतं. ती अखेरपर्यंत खरंच बोलत राहिली, आणि सगळा घोळ झाला तो त्यामुळेच.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी बँकेतून बोलावणं आलं. पेंटर मॅनेजरच्या खोलीत शिरला आणि मॅनेजर एकटक त्याच्या कानाकडे बघायला लागला. कानाच्या पाळीवर रणगाड्याचा हिरवा रंग तसाच होता.

पेंटरचा धीर सुटला. "साहेब, चुकलो! मी जिवंत आहे! पण घर घेऊ नका, बायकोची त्यात काही..."

"हळू बोला!" मॅनेजरने झडप घालून दार लावलं. "काय वाट्टेल ते काय बोलता? जिवंत म्हणे! अहो, या शाखेच्या इतिहासात व्याजासकट पूर्ण फिटलेलं हे पहिलं कर्ज! हेड ऑफिसने माझं अभिनंदन केलंय. गेल्या वर्षी ही शाखाच बंद करणार होते. आता तुम्ही जिवंत झालात तर सरकारला पैसे परत, शाखेला टाळं, आणि मी रस्त्यावर! तुम्ही इतके छान मेला आहात, त्याला का दृष्ट लावता?"

"म्हणजे मेलेलाच राहू?"

"माझी हात जोडून विनंती आहे."

पेंटर खुर्चीत मागे रेलला. ज्या खोलीत तो आजवर कधी बसला नव्हता, नुसता उभा राहिला होता, त्या खोलीत त्याने पायावर पाय टाकला. "विचार करावा लागेल," तो म्हणाला. "चहा मागवा."

चहा आला. मॅनेजर त्याच्याजवळ खुर्ची ओढून म्हणाला, "अजून एक. तुमच्या आत्याबाई दुपारच्या मोकळ्या असतात का?"

झालं! आत्याला आयुष्यात पहिल्यांदा नोकरी लागली. बँकेत एक टेबल, एक फोन. शेजारपाजारच्या हप्ते थकलेल्या कर्जदारांनी एकेक दिवस छावणीत जाऊन प्लायवुडला रंगाचा एक हात मारून यायचं, आणि आत्याने फोन करून युद्धखात्याला कळवायचं, "आमच्या गल्लीतला शिंपी देशाच्या कामी आला!" आत्याच्या आवाजातला अभिमान इतका खरा असे की पलीकडचा कारकून उठून उभा राही. शिंप्यामागोमाग न्हावी कामी आला. न्हाव्यामागोमाग किराणावाला. त्याच्यावर कर्ज नव्हतं, पण सगळे जातायत म्हणून तो कर्ज काढून कामी आला!

गल्लीत दुसरं सुख नव्हतं. वसुलीचे फोन बंद. संध्याकाळी सगळी मयत मंडळी पेंटरच्या ओट्यावर पत्ते कुटत बसत. "मेल्या, डाव टाक की!" असं कुणी म्हणालं तर आता राग येत नसे.

तिकडे राजधानीत मात्र सेनापतींनी आकडे बघितले आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. एवढी माणसं एकाच गल्लीतली? मग तिथे केवढी घनघोर लढाई झाली असेल! आपल्याला कुणी सांगितली कशी नाही? लगेच रेडिओवरून जाहीर झालं की प्रचंड लढाई झाली आणि ती आपण जिंकली. शत्रूच्या सेनापतींनाही या लढाईचा पत्ता नव्हता. पण आपल्याला माहीत नाही असं सेनापतीला म्हणता येत नाही. त्यांनी जाहीर केलं की लढाई झाली खरी, पण जिंकली ती आम्ही! दोन्ही बाजू जिंकल्यावर लढायचं कुणाशी? पंधरवड्यात तह झाला.

मिरवणूक निघाली. पेंटर, शिंपी, न्हावी, किराणावाला, सगळे खांद्याला खांदा लावून नाचले. जगात कुणी कधी कर्ज बुडवून युद्ध थांबवलं असेल का? यांनी थांबवलं होतं! हुतात्म्यांच्या नावाने गर्दीने घोषणा दिल्या तेव्हा सगळ्यांत जोरात हुतात्मेच ओरडले. पेंटरचा घसा बसला.

शांतता आली आणि बाजारही खडबडून जागा झाला. जो तो नवीन पाटी मागायला लागला. पेंटरकडे कामाचा ढीग, पण युद्धरोखे मयत पेंटरच्या नावावर, ते वटेनात, आणि रंगाचा डबा घ्यायला खिशात दमडी नाही. तो बायकोला घेऊन बँकेत गेला.

"वहिनींना कर्ज? आनंदाने देतो!" मॅनेजर म्हणाला. "घरही गहाण नको. फक्त एक जामीनदार आणा. जिवंत."

नवराबायको एकमेकांकडे बघायला लागले.

"शिंपी?" बायको म्हणाली.

"गेला की!"

"किराणावाले?"

"ते तर हौसेने गेले."

"मग आत्या?"

"नात्यातलं माणूस चालत नाही, वहिनी. नियम आहे."

"त्यात काय एवढं!" पेंटर खुशीत येऊन म्हणाला. "साहेब, तुम्ही आपले घरचेच. तुम्हीच राहा की जामीन!"

मॅनेजर उठला. त्याने दार लावलं, खिडकी लावली, आणि टाचणी पडली तर तीच जास्त ऐकू येईल अशा हळू आवाजात म्हणाला, "राहिलो असतो हो. पण माझ्याही घराचे हप्ते थकले होते. तह व्हायच्या आदल्याच दिवशी मीही..."

 पेंटरने डोक्यावरची टोपी काढली, बायकोने मान खाली घातली, आणि तिघांनी मॅनेजरसाठी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली.