नानांच्या फाईलीतली अक्कांची पावती

बायकोबरोबर एक प्लेट शेवभाजी खाल्ली तरी नाना हॉटेलवाल्याकडून बिलं दोन करून घ्यायचे. खोटं वाटेल, पण मी समोर बसले होते. "तुझं तुझ्यात, माझं माझ्यात," म्हणत एक बिल अक्कांच्या पर्समध्ये, दुसरं स्वतःच्या खिशात.

नाना म्हणजे जळगावच्या आमच्या ऑफिसातले सीनियर क्लार्क, माझ्या शेजारचं टेबल. त्यांच्या मिसेस अक्का, धुळ्याला हायस्कूलात शिक्षिका. बदली काही होईना, म्हणून चौदा वर्षं दोघांच्या दोन खोल्या, दोन स्टोव्ह आणि इन्कम टॅक्सचे दोन फॉर्म. त्या फॉर्मांनी नानांचा जीव खाल्ला होता. पिंप्राळ्याच्या खोलीवरून सायकलवर येताना फाईल रोज बरोबर. खोलीवर ठेवली आणि उंदरानं नेमकी पावतीच कुरतडली तर?

"व्यवसाय कर ज्याच्या पगारातून कापला, त्यानंच दाखवायचा. विम्याचा हप्ता ज्यानं भरला त्यानंच," हे मला दिवसातून तीनदा. माझं तर अजून लग्नही ठरलेलं नव्हतं.

फॉर्म द्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी अक्कांचं पत्र आलं. नाना वाचता वाचता पांढरेफटक. अक्कांच्या विम्याचा हप्ता नाना भरायचे, पावती नानांच्या फाईलीत, आणि अक्कांनी तोच हप्ता चुकून आपल्याही फॉर्मात लिहिला होता.

"एक हप्ता, दोन फॉर्म. नोटीस येईल. तिची नोकरी जाईल गं."

मी अक्कांच्या शाळेत ट्रंक कॉल बुक केला. वाट बघता बघता नानांचा फॉर्म आणि अक्कांनी पत्रासोबत पाठवलेली त्यांच्या फॉर्मची नक्कल चाळली, तर गंमतच. अक्कांना टॅक्स बसायचा. नानांचा पगार कमी, त्यांना हप्ता न दाखवताही बसत नव्हता.

"नाना, मग ही पावती तुमच्या काय कामाची? पुढच्या वर्षीपासून अक्कांनाच भरू द्या. त्यांचे पैसे वाचतील."

नानांनी फाईलीची क्लिप दोनदा उघडझाप केली. मग म्हणाले, "खोलीत तिचं काय आहे? रविवारी येते, सोमवारी पहाटेच्या गाडीनं सगळं पिशवीत भरून जाते. कंगवासुद्धा. एवढं एक तिच्या नावाचं माझ्याकडे असतं."



फोन लागला तीन वाजता. नानांचा जेवणाचा डबा टेबलावर तसाच.

"तो हप्ता खोड," नाना ओरडले. "दिला नाहीस ना फॉर्म? खोड आधी." मग आवाज एकदम खाली. "ही पोरगी म्हणते, पुढच्या सालापासून तूच भर. तुझा टॅक्स वाचेल."

पलीकडून अक्कांचा वर्गातला आवाज, घरच्या अहिराणीत, आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मना टॅक्स नका वाचाडू. पावती तुमनीच फाईलमा ऱ्हाऊ द्या. जेवनात का?"

"जेवनू," नाना न जेवताच म्हणाले.

फोन ठेवला, फाईल जपून बाजूला सरकवली, आणि डबा उघडला.