स्पेस देऊ नये

हरिहररावांच्या मते जगात दोनच जातीची माणसं असतात. कंपनीने दिलेलं मुकाट वापरणारी, आणि स्क्रू काढून आत बघणारी. चाकणच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात त्यांनी उभी नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर तपासायला घरात एक बायको आणि एक मिक्सर उरला. मिक्सर उघडून झाला होता.

अशात सुहासिनीबाईंनी पिंपरी कॅम्पातून एक स्वस्तातला, चिमुकला लॅपटॉप आणला. बाई इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. संत तुकाराम नगरातल्या आपल्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला बायकांचं नाटक बसवायचं, आणि तेही स्वतः लिहिलेलं, ही त्यांची फार जुनी हौस. यंदा कमिटीने एकदाचा होकार दिला होता.

"यात नुसतं इंटरनेट चालतं," हरिहरराव यंत्र उलटंपालटं करत म्हणाले. "मी यात लिनक्स घालतो. फुकट असतं आणि विमानासारखं पळतं."

"मला नाटक लिहायचंय. पळायचं नाहीये."

पण बाई भिशीला गेल्या तेवढ्यात हरिहररावांनी व्हिडिओ बघत बघत कंपनीची मूळची सिस्टीम बाजूला सारली आणि लिनक्स घातलं. यंत्र जिवंत राहिलं याचं त्यांना स्वतःलाही नवल वाटलं, पण ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. संध्याकाळी कट्ट्यावर लिनक्सवर व्याख्यान झालं.

बाईंनी पहिला अंक लिहिला. मग एकदा बॅटरी पार उतरली. यंत्र पुन्हा सुरू केलं तर पांढरा पडदा, आणि त्यावर इंग्रजीत सूचना : मूळ सिस्टीम परत आणायची असल्यास स्पेसचं बटण दाबा. 'सूचना नीट वाचून मगच उत्तर लिहा' असं जन्मभर वर्गात सांगितलेल्या बाईंनी सूचना नीट वाचली आणि स्पेस दाबली. पहिला अंक पुसला जाईल, हे सूचनेत नव्हतं.

"स्पेस कशाला दाबलीस?" हरिहररावांनी कपाळाला हात लावला.

"अहो, पण त्यामुळे तुमचं लिनक्स..."

"लिनक्सला बोल लावू नकोस. चूक बोटाची आहे."

आणि त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर ठसठशीत अक्षरात पाटी चिकटवली : 'स्पेस देऊ नये. दिल्यास सर्व नष्ट होईल. हुकमावरून, हरिहर.'

वरच्या मजल्यावरच्या इंद्रायणीवहिनी, म्हणजे नाटकाच्या नायिका, भूमिका समजून घ्यायला आल्या. त्यांनी पाटी वाचली, बाईंकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि अर्धा चहा ठेवून निघून गेल्या. दिवेलागणीला तळवड्याहून मुलाचा, क्षितिजचा, फोन आला.

"बाबा, तुम्ही आईला स्पेस देत नाही म्हणे?"

"दिली होती एकदा. सगळं पुसून गेलं."

"सगळं म्हणजे?"

"पहिला अंक. आता दुसऱ्याची तरी काळजी घ्यायला नको? मी तर ते मुळातूनच उपटून टाकणार आहे."

"बाबा, मी वर्धापनदिनाला येतो. तोवर काही उपटू नका."

हरिहररावांनी त्याच रात्री चमच्याच्या दांडीने स्पेसचं बटण उपटलं, खालच्या रबराच्या बोंडावर चिकटपट्टी मारली आणि बटण सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"अहो, ऐका तरी, यात आता ते..."

"आता काही भीती नाही," हरिहरराव म्हणाले. "लिही बिनघोर."

"बरं," बाई म्हणाल्या. हा 'बरं' ऐकून एकेकाळी अख्खी आठवी ब गप्प बसायची. त्यांनी पहिला अंक पुन्हा आणि दुसरा नव्याने, असं सबंध नाटक दोन शब्दांत फट न ठेवता लिहून काढलं.

इकडे कट्ट्यावर हरिहररावांचं सुरूच होतं. "लिनक्स काय पळतंय राव! आणि पाटी लावल्यापासून तो पांढरा पडदा परत आलेला नाही. यंत्र झालं तरी धाकात राहतं."

झेरॉक्स वाटल्या गेल्या. इंद्रायणीवहिनींनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"सुहासिनीताई, यात श्वास कुठे घ्यायचा?"

"मिळेल तिथे."

वर्धापनदिनाला सोसायटीचा हॉल गच्च भरला. पाठांतर कुणाचंच नव्हतं, सगळ्या कागद बघून बोलत होत्या. इंद्रायणीवहिनींसमोर ओळ आली : 'चलाआताघरीजाऊबाई'. त्या म्हणाल्या, "चला, आता घरी जाऊबाई!" आणि विंगेकडे बघू लागल्या. प्रेक्षकही बघू लागले. नाटकात जाऊबाई नव्हत्याच. घाबरून त्यांनी पुढची ओळ घेतली. शाळेतल्या सरांची गाडी शिकण्याची हौस सांगणारी ती ओळ, 'आमचेसरकारचालवतात', त्यांनी "आमचे सरकार चालवतात" अशी वाचली. पहिल्या रांगेतल्या माजी नगरसेवकांनी उठून नमस्कार केला.

हॉल हसायला लागला. विंगेत बाईंचा चेहरा पांढरा पडला. इतक्या वर्षांची हौस, आणि तिचं असं हसं. त्यांनी क्षणभर हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तो चुरगाळला, पदर खोचला आणि जाऊबाई होऊन स्वतःच स्टेजवर शिरल्या.

"आले गं बाई! सरकार चालवतंय म्हणून रिक्षाच मिळेना!"

पुढचं सगळं नाटक त्यांनी मनाने केलं. लोक खुर्च्या धरून हसले. कमिटीने पुढच्या वर्षीचं नाटक तिथेच जाहीर केलं, जाऊबाईंसह.

घरी आल्यावर क्षितिजने पाटी वाचली, उपटलेलं बटण पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने लॅपटॉप उघडला.

"बाबा, यात लिनक्स कुठंय?"

"हे काय. बघ कसं पळतंय."

"ही कंपनीची मूळचीच सिस्टीम आहे. आईने स्पेस दाबली तेव्हाच लिनक्स गेलं. तो पांढरा पडदा आता येणारच नाही. स्पेस हवी तेवढी दाबा."

हरिहररावांनी खिशातलं बटण काढून तळहातावर ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"सूचनेत स्वच्छ लिहिलं होतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"दोनदा सांगायला गेले," सुहासिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही मध्ये स्पेसच ठेवली नाहीत."