जावईबापूंच्या गाडीची बॅटरी

जावईबापू कंपनीच्या कामासाठी पाच महिने जर्मनीला निघाले, तेव्हा त्यांनी आपली पिवळीधमक स्पोर्ट्स कार सासऱ्यांच्या बंगल्यात आणून लावली आणि ती कशी सांभाळायची हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. सासरे काकासाहेब तिथंच पायरीवर बसले होते. पाचोडच्या शेतात चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला, तीन वेळा स्वतःच्या हातानं खोलून पुन्हा जोडलेला माणूस. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून लेकाच्या नावावर शेत करून ते शहरातल्या सातारा परिसरात राहायला आले होते, पण नखातलं ऑइल अजून पुरतं गेलेलं नव्हतं. असा माणूस हाताशी असताना जावईबापू बॅटरीचं गणित कुणाला सांगत होते? तर आवडाबाईंना, ज्यांनी जन्मात कधी टॉर्चचा सेल बदलला नव्हता.

गाडी नुसती उभी असली तरी आतली यंत्रं थोडी थोडी वीज खात राहतात, म्हणून हा छोटा चार्जर रात्रंदिवस चालू ठेवायचा, दिवा हिरवा दिसला की झालं, असं जावईबापूंनी सांगितलं. मग जाता जाता ते सासऱ्यांकडे वळले.

“मामा, तुम्ही मात्र हात लावू नका हं. हा ट्रॅक्टर नाही.”

काकासाहेब हसले. जावयासमोर दुसरं करणार काय? पण ते वाक्य त्यांच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं. त्यांना जावयाकडून ना अंगठी हवी होती ना घड्याळ. एकदा, फक्त एकदा, जावईबापूंनी चारचौघांत म्हणावं की मामा, यंत्रातलं कळावं तर तुम्हालाच. एवढीच त्या बापड्याची इच्छा होती.

पावसाळाभर सगळं सुरळीत चाललं. आवडाबाई सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आणि येता येता चार्जरचा दिवा बघायच्या. दर रविवारी जावईबापूंचा फोन यायचा, हिरवा आहे का म्हणून, आणि हिरवा आहे म्हणून सांगितलं जायचं. नवरात्र आलं तशी चौकाचौकांत रोषणाई झाली, विजेचा दाब वरखाली व्हायला लागला आणि दिवा मधूनच लाल मारायला लागला. काकासाहेबांनी चार्जरला हात लावून पाहिला. गरम होता. झालं, त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं.

ट्रॅक्टर उभा राहणार असला की काकासाहेब काय करायचे? बॅटरीचं एक टोक सोडवून ठेवायचे. सुटी बॅटरी कुणाला काही देत नाही आणि कुणी तिचं काही खात नाही. चार महिन्यांनी टोक जोडा, ट्रॅक्टर एका किल्लीत सुरू. आता खरं सांगायचं तर यात बॅटरीपुरती चूक काहीच नव्हती. चूक होती ती वेगळीच, आणि ती कळायला अठरा दिवस जायचे होते.

खंडेनवमीला त्यांनी मुहूर्त साधला. घरातली विळी, कात्री, पाने, पक्कड सगळं पाटावर मांडून पूजा झाली. मग गाडीनं काय घोडं मारलंय, असं म्हणत ते हळदकुंकवाचं ताट घेऊन निघाले. आवडाबाईंनी जावयाच्या शब्दांची आठवण करून दिली. पूजेला हात लावणं म्हणत नाहीत, असं काकासाहेबांनी ठणकावलं, गाडीतलं बटण दाबून पुढचं झाकण उघडलं आणि ते जागीच उभे राहिले.

“अगं, पाव्हण्याला फसवलं की गं. हिच्यात इंजिनच नाय.”

“इंजिन नाय? आन् मग इथवर आली कशी?”

“येताना उतार हाय.”

पुढच्या झाकणाखाली नुसती सामानाची रिकामी पेटी आणि तिच्या मागे बॅटरी. इंजिनाचं दुःख काकासाहेबांनी गिळलं, कारण लेकीच्या संसारात या गोष्टीवरून वादळ नको होतं. त्यांनी बॅटरीला हळदकुंकू वाहिलं. जबाबदार माणूस, म्हणून आधी गाडीची दारं किल्लीच्या बटणानं कुलूपबंद केली, मग दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं एक टोक सोडवलं, त्याला फडकं गुंडाळलं, चार्जरची वायर वेटोळी करून ठेवली आणि पुढचं झाकण धप्पकन लावून टाकलं. त्या संध्याकाळी ते दोन पुरणपोळ्या जास्त जेवले.

पुढच्या तीन रविवारी फोन आला की आवडाबाई घाईघाईनं तो नवऱ्याच्या हातात द्यायच्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. काकासाहेबांना तरी कुठं बोलावं लागत होतं? बॅटरी एकदम शाबूत हाय, पाव्हणं, एवढंच ते म्हणायचे आणि ते शंभर टक्के खरं होतं.

धनत्रयोदशीला जावईबापू यायचे होते. आदल्या दिवशी सकाळी काकासाहेब पाना घेऊन ऐटीत गाडीपाशी गेले आणि किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, हात लांब करून दाबलं, गाडीला प्रदक्षिणा घालून चारही बाजूंनी दाबलं. मग त्यांच्या लक्षात आलं. बॅटरी झाकणाखाली. झाकणाचं बटण दाराच्या आत. आणि दार उघडायचं तर बॅटरी पाहिजे. ट्रॅक्टरला ना दार असतं ना झाकणाला विजेचं कुलूप, त्यामुळे हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाच नव्हता. ते पायरीवर बसले. उद्या जावई काय म्हणेल हे त्यांना आताच ऐकू येत होतं, आणि तो चूक बोलणार नव्हता, याचंच जास्त वाईट वाटत होतं.

कंपनीचा माणूस बोलवावा तर तो आधी मालकाला फोन लावणार. म्हणून त्यांनी पाचोडहून सांडू मिस्त्रीला बोलावलं. सांडू म्हणजे त्यांच्या ट्रॅक्टरचा जुना डॉक्टर, वयानं बरोबरीचा. तो मोटारसायकलवर अवजारांची पिशवी बांधून दोन तासांत हजर झाला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पिशवीतून पहार काढली. काकासाहेबांनी आधी ती पहार काढून घेतली आणि मगच त्याला चहा दिला.

“काकासाहेब, कुलूप लावून किल्ली पेटीतच टाकली म्हणा की तुम्ही,” सांडू म्हणाला.

“ते मला कळलंय. उघडायचं कसं ते बोल.”

उघडायचं कसं ते कुणालाच माहीत नव्हतं. वाट काढली ती आवडाबाईंनी, तीही चुकून. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की त्यातला सेल बदलतात हे त्यांनी नातवाकडून ऐकलं होतं. त्यांनी उलथन्याच्या टोकानं गाडीची किल्ली उचकटली, तर आतून एक बारकी लोखंडी चावी बाहेर पडली. दाराच्या मुठीपाशी तिच्यापुरती एक फट होती. चावी फिरली आणि दार उघडलं. काकासाहेबांनी बायकोकडे असं काही बघितलं की त्या लाजून शंकरपाळे तळायला निघून गेल्या.

आत शिरून बटण दाबलं, पण झाकण ढिम्म. इथं मात्र काकासाहेबांमधला जुना गडी जागा झाला. ते गुडघ्यांची पर्वा न करता स्टेअरिंगखाली आडवे झाले. फ्यूजची पेटी उघडली, एकेक निरखलं आणि त्यात त्यांना लाल टोपीची एक पिन दिसली. लाल म्हणजे अधिक. उणे तर गाडीच्या अंगात सगळीकडेच असतं. बाहेरून बॅटरी आणून अधिक या पिनेला आणि उणे दाराच्या लोखंडी कडीला लावलं, तर झाकणाच्या कुलपापुरती वीज खेळायलाच पाहिजे. कुणी शिकवलं नव्हतं, कुठं वाचलं नव्हतं. सांडूनं कानाची पाळी धरली.

जिन्याखालची इन्व्हर्टरची बॅटरी दोघांनी फरशीवरून ओढत आणली. नेमका तो पाण्याचा दिवस. आठ दिवसांनी नळ आलेला, अख्खी गल्ली पाइप आणि मोटारी घेऊन बाहेर. सांडूनं वायर टेकवली मात्र, गाडीनं चोर शिरल्यासारखा असा काही भोंगा फोडला की समोरच्या द्वारकाबाईंच्या हातातला पाइप सुटला आणि त्यांच्या नवऱ्याची चपलांसकट आंघोळ झाली. सांडूनं वायर सोडली. भोंगा थांबला. चोरी झाली समजून गल्ली फाटकाशी गोळा झाली.

“माझ्याच घरात मी कशाला चोरी करू?” काकासाहेब स्टेअरिंगखालून पाय हलवत ओरडले. “सांडू, लाव परत, आन् आता काय बी झालं तर सोडू नको.”

पुन्हा भोंगा सुरू झाला. काकासाहेबांनी चाचपडत हाताला लागेल ते बटण दाबलं आणि खट् करून झाकण उघडलं, पण मागचं. सांडूनं मान लांब करून आत पाहिलं आणि इथं तर इंजिन आहे म्हणून सांगितलं. त्या गदारोळातही काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीचं घर फसवलं गेलं नव्हतं.

तेवढ्यात आवडाबाई झारा आणि फोन दोन्ही हातांत घेऊन धावत आल्या. जावईबापू मुंबईला उतरले होते.

“मामा, हा आवाज कसला?”

“वरात चाललीय गल्लीतनं.”

“वरात? दिवाळीच्या आधी?”

“काढीव मुहूर्त हाय,” काकासाहेब स्टेअरिंगखालून दुसरं बटण शोधत म्हणाले.

“पण हॉर्न तर अगदी माझ्या गाडीसारखा वाटतोय.”

“नवरदेवाची बी तसलीच गाडी हाय. तुमचंच बघून आणली म्हणं भाड्यानं.”

आपल्यासारखी गाडी सासुरवाडीच्या गल्लीत आणखी कुणी फिरवावी, हे जावईबापूंना रुचलेलं दिसलं नाही. तेवढ्यात बटण सापडलं आणि पुढचं झाकण टप्पकन वर आलं. काकासाहेबांनी फोन बायकोच्या हाती कोंबला, उडी मारली, फडकं सोडलं, टोक बॅटरीला बसवलं, पाना आवळला. आवडाबाईंनी किल्लीचे दोन तुकडे जोडून बटण दाबलं तसा भोंगा गप्प झाला. वरात पुढं गेली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. लग्नानंतरच्या चाळीस वर्षांतलं त्यांचं ते पहिलं खोटं. मग चार्जर लागला, हिरवा दिवा लागला, आणि सांडूला शंकरपाळ्यांचा डबा देऊन पाचोडला रवाना करण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू आले, पाया पडले आणि थेट गाडीकडे गेले. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. इतका वेळ उभी राहून बॅटरी इतकी ताजी कशी, याचं त्यांनाच नवल वाटलं. ते हसतहसत घरात आले आणि फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, “मामी, मानलं तुम्हाला. गाडी सांभाळावी तर तुम्हीच.”

आता बघा, माणूस गप्प बसला असता तर निभावलं होतं. पण काकासाहेबांना ते सोसेना. केलं कुणी आणि नाव कुणाचं? त्यांनी करंजी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: टोक सोडवलं ते, झाकण अडकलं ते, फ्यूजच्या पेटीतली लाल पिन, दाराची कडी, इन्व्हर्टरची बॅटरी, भोंगा. बोलणी बसली तरी चालतील, पण हे डोकं कुणाचं ते एकदा कळू द्या, असा त्यांचा आवाज होता.

जावईबापू ऐकत राहिले आणि मग पोट धरून हसले. “काय मामा, थट्टा करता राव. ते झाकण बॅटरीशिवाय उघडायला कंपनीचे इंजिनीअर लागतात.”

“खोटं वाटत असंल तर हिला इचारा,” काकासाहेब बायकोकडे वळले.

आवडाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. सणासुदीला आपल्या माणसाला जावयापुढं खाली बघायला लागू नये, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं.

“काय बी सांगतेत. त्यांनी गाडीला बोट सुदिक लावलं नाय,” त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

काकासाहेबांनी ती करंजी उचलली. जावईबापू हात पुसत उठले आणि त्यांनी सासऱ्यांच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

“मामा, माझं काम अजून दोन वर्षं लांबलंय. गाडी इथंच राहू द्या. यंत्रातलं काही कळत नसलेला माणूस घरात असला, की कसं निर्धास्त वाटतं.”