परबकाकांची वॉटरबॅग

परबकाका हॉटेलात जेवायला जाताना घरचं पाणी घेऊन जातात. तेही साध्या बाटलीतून नाही. शाळकरी पोरांची असते तशी हिरवी वॉटरबॅग, झाकणावर बदकाचं चित्र आणि पट्टा गळ्यात. सत्तरी ओलांडलेला, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला, कोरलेल्या मिशांचा माणूस गळ्यात बदक लटकवून वर्सोव्याच्या धक्क्यावर होडीची वाट बघत उभा राहतो. शेजारी मी. लोक बघतात, हसतात. काकांना त्याचं काहीही नसतं.

काका अंधेरीला आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळ मालवणकडचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, पण त्यांची खरी ड्यूटी मासळीबाजारात. कल्ला उघडून बघितल्याशिवाय आणि नाक लावल्याशिवाय पापलेटाची सुटका नाही. कोळणी त्यांना लांबूनच ओळखतात. ‘इन्स्पेक्टर आला गं’ असं एकमेकींना सांगतात आणि शिळं टोपलीखाली सरकवतात. मी बुलढाण्याकडचा. आमच्याकडे मासा म्हणजे सुकट, तीही पाहुणे आले तर. त्यामुळे माशावर मी तोंड उघडलं, की काका एकच वाक्य टाकतात, ‘तुका काय कळता माशातला? गपचूप खा.’

अशा माणसाने दर रविवारी होडीत बसून मढला जावं आणि तिथे मेक्सिकन हॉटेलात मासे खावेत, हे कुणाला पटेल? पण जातात. किनाऱ्यालगत पत्र्याचं छप्पर, पिवळ्या-निळ्या भिंती, भिंतीवर सुपाएवढ्या टोप्या, दारात कुंडीतला निवडुंग. मालक बोटीवर खानसामा होता. मेक्सिकोच्या बंदरांत शिकलेलं आता गावात येऊन खपवतो. त्याची बायको सिल्वीआंटी वाढप बघते.

पहिल्या दिवशी लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा आला. काकांनी बोटाने उचलून उजेडात धरला. म्हणाले, ‘ह्या काय? चुलीवर ठेवूक इसारले?’ सिल्वीआंटी म्हणाली, ‘अंकल, लिंबातच शिजतो तो.’ काका म्हणाले, ‘मगे गॅस कित्याक घेतलास?’ मक्याच्या कडक पोळीच्या घडीत भरलेली कोलंबी आली तेव्हा त्यांनी ती घडी उलगडायचा प्रयत्न केला. तिचे तुकडे झाले, कोलंबी टेबलावर सांडली. ‘जळलेलो घावणो,’ असा निकाल देऊन त्यांनी कोलंबी तेवढी वेचून खाल्ली.

शेवटी गाडी एका पदार्थावर थांबली. अख्खी तांबोशी पाठीतून चिरून, पुस्तकासारखी उघडून निखाऱ्यावर भाजलेली. एका बाजूला लाल मिरचीचं वाटण, दुसऱ्या बाजूला हिरवं. हे काका खातात. म्हणजे अर्धं खातात. मग मधला, सगळ्यात चांगला भाग बाजूला काढतात, त्यावर कोबीचं पान झाकतात आणि आंटीला हाक मारतात, ‘मीठ कमी आसा. परत घेवन जा.’

दर रविवारी मीठ कमी. च्यायला, मी त्याच थाळीतलं खात होतो. मीठ अगदी बरोबर असायचं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. त्या हॉटेलात तांबोशी भाजते ती काकांची मुलगी, वृषाली. एकुलती एक. बँकेत चांगल्या नोकरीला होती. एके दिवशी राजीनामा देऊन आली आणि म्हणाली, मला स्वयंपाकच करायचाय, मढला जातेय. काकांचा पारा असा चढला की अख्खी बिल्डिंग दारात आली. ‘बँकेतली खुर्ची सोडून लोकांची उष्टी काढूक जातंस? जा! मी तुझ्या हातचा पाणी पिवचंय नाय!’ पोरगीही त्यांचीच. बॅग भरली आणि गेली. मढला सिल्वीआंटीच्या माडीवर राहते. तेव्हापासून बापलेकीत शब्द नाही. काकींशी रोज फोनवर बोलते, काका तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करून बसतात.

मग त्यांनीच एक रविवार बघून चपला घातल्या. काकींनी विचारलं, शपथेचं काय? काका म्हणाले, ‘पाण्याचा बोललंय. माशाचा खय बोललंय?’ आणि माळ्यावरून वॉटरबॅग काढली. काकी माझ्याकडे आल्या. ‘गायकवाड, होडीत चढताना ह्यांचे पाय लटपटतात, तुम्ही सोबत जा. मी गेले तर रडून घोळ घालीन. आणि बघा, दोघांपैकी एकाचं तरी तोंड उघडतंय का. माझे डोळे मिटायच्या आत व्हायला हवं हो.’ आता ह्याला नाही कसं म्हणणार?

पण तोंड कुणीच उघडेना. ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, हे आत जायचे नाहीत. मधे सिल्वीआंटी आणि ती थाळी. एका रविवारी मी हात धुवायला मागे गेलो. तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. परत गेलेली थाळी ओट्यावर होती. वृषालीने कोबीचं पान उचललं. खाली तांबोशीचा मधला तुकडा. एकूण एक काटा काढलेला, पांढराशुभ्र, बोटांनी नीट जुळवून ठेवलेला. ती तिथेच उभ्याने, भिंतीकडे तोंड करून तो खात होती.

घरी येऊन काकींना सांगितलं. त्या खुर्चीत बसल्याच. म्हणाल्या, ‘बारावीपर्यंत तिला काटा काढता यायचा नाही. हेच काढून द्यायचे. स्वतः जेवायचे राहायचे. आणि ती वॉटरबॅग कुणाची वाटली तुम्हाला?’

मे महिन्याचा शेवटचा रविवार आला. पावसाळ्यात ते छप्पर उतरवून हॉटेल बंद ठेवतात. म्हणजे चार महिने तांबोशी नाही आणि ती मिठाची तक्रारही नाही. काका होडीत वॉटरबॅगेचा पट्टा चाळवत बसले होते. टेबलावर मी शहाणपणा करून हिरव्या वाटणाचा मोठा घास घेतला आणि माझी वाट लागली. कानातून वाफा. काकांनी वॉटरबॅग पुढे केली. ‘पी मेल्या.’ मी सगळीच संपवली.

मग नेहमीसारखा कार्यक्रम झाला. तुकडा, पान, मीठ कमी, परत घेवन जा. आंटी थाळी घेऊन आत गेली. आणि थाळी परत आली. पान तसंच, तुकडा तसाच, शेजारी एक नवी तुकडी. आंटी चाचरत म्हणाली, ‘अंकल, ती बोलते मीठ बरोबर आहे. बोलते, आज बाबांनीच खायचं.’

काकांचा चेहरा पडला. इतका पडला की मला बघवेना. त्यांना वाटलं, पोरीने आता हेही तोडलं. त्यांनी नवी तुकडी उचलली आणि काटा न बघता तोंडात टाकली. काटा न बघता! ज्या माणसाने जन्मभर कोळणींना रडवलं, त्याच्या घशात काटा गेला. डोळे लाल, खोकल्याची उबळ थांबेना. मी थाळीतल्या कोरड्या भाताचा गोळा त्यांच्या तोंडात कोंबला. काटा उतरला असावा, पण घसा सोलला होता. हात वॉटरबॅगेकडे गेला. ती रिकामी.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. वृषाली धावत बाहेर आली. ॲप्रनला लाल वाटण, हातात पाण्याचा ग्लास. टेबलापाशी आली आणि तिथेच थबकली. ग्लास पुढे करावा की नको, तिला कळेना. पाणी सांडत होतं. काका ग्लासाकडे बघत खोकत होते. मनात म्हटलं, देवा, आता ह्या म्हाताऱ्याला अक्कल दे.

काकांनी ग्लास घेतला आणि एका दमात पाणी पिऊन टाकलं. सदऱ्यावर ओघळलं, मिशा भिजल्या. रिकामा ग्लास तिच्यापुढे धरला. ‘आणखी दी.’

दुसरा ग्लास पिऊन झाल्यावर त्यांनी पायाने शेजारची खुर्ची मागे सरकवली. ‘बस गो बाय.’ पान बाजूला केलं, मधला तुकडा बोटांनी चाचपून पाहिला, काटा नाही याची परत खात्री केली आणि थाळी तिच्यापुढे सरकवली. ‘खा. निवला ता.’

ती बसली. घास तोंडात घातला. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, ती पुसतही नव्हती. गिळून झाल्यावर बापाकडे बघून म्हणाली, ‘मीठ कमी आसा, बाबा.’

काका हसले. मला तर हसू की रडू समजेना. मी परत हात धुवायला निघून गेलो.

संध्याकाळच्या होडीत बसल्यावर लक्षात आलं, काकांचा गळा मोकळा. मी ओरडलो, ‘काका, वॉटरबॅग राहिली! थांबा, उतरतो, आणतो.’

काका पलीकडच्या किनाऱ्याकडे बघत होते. म्हणाले, ‘ऱ्हांदे. बाय घेवन येतली.’