पायदळाचा बिल्ला आणि लाँड्रीची गाडी

माजी सैनिकांच्या हॉलचं दार ढकलून कर्टिस हॅगस्ट्रॉम आत आला आणि समोरचा केक बघून जागच्या जागी थिजला. केक चांगला टेबलभर होता. वर निळ्या क्रीमचा पट्टा, पट्ट्यावर पांढरी लांब बंदूक आणि खाली ठसठशीत अक्षरांत त्याचं नाव. पायदळाचा लढाऊ बिल्लाच तो. फक्त कर्टिसला तो मिळालेला नव्हता, आणि नियमाने मिळणारही नव्हता.

"तू अजून सांगितलं नाहीस?" मागून त्याची बायको मॅरिसेला दबक्या आवाजात म्हणाली.

"सांगणारच होतो."

"कधी? केक कापल्यावर?"

बिल्ला घरात आला होता, हे खरं. पण तो मॅरिसेलाला. दोघंही सार्जंट, दोघंही एकाच ब्रिगेडबरोबर अफगाणिस्तानात जाऊन आलेले. कर्टिस पायदळात आणि मॅरिसेला फौजेच्या लाँड्रीत. आता अमेरिकी फौजेचा नियम असा, की पायदळवाल्याने स्वतः लढाई केली तर त्याला बंदुकीचा निळा बिल्ला. बाकीचे, म्हणजे आचारी, ड्रायव्हर, कारकून, कपडे धुणारे, यांच्यावर शत्रू चालून आला आणि ते त्याला सामोरे गेले, तर त्यांच्यासाठी वेगळा बिल्ला आहे. कर्टिस वर्षभर एका टेकडीवर मशीनगन लावून बसला होता. खालच्या गावातले लोक रोज चहा घेऊन यायचे. एकाने तर बोकड आणून दिला. गोळी मात्र कोणी झाडली नाही. आणि त्याच वर्षात लाँड्रीच्या गाडीवर रस्त्यात हल्ला झाला, तेव्हा मॅरिसेलाने कपड्यांच्या गाठोड्यांआड पडून असा काही गोळीबार केला, की हल्लेखोरांनी धूम ठोकली.

ही बातमी आमच्या गावात आणली ड्वेन पेलकीच्या पुतण्याने. तो त्याच ब्रिगेडमध्ये. 'सार्जंट हॅगस्ट्रॉमला बिल्ला मिळतोय' एवढंच तो फोनवर काकाला बोलला, आणि ड्वेनने ते कर्टिसच्या वडिलांना, वेंडेलला, सांगितलं. आपल्या घरात सार्जंट हॅगस्ट्रॉम दोन आहेत, हे वेंडेलला चांगलं ठाऊक होतं. पण कोणता, हे विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. व्हिएतनाममध्ये पायदळात लढून त्याने स्वतः तो निळा बिल्ला मिळवला होता. लाँड्रीत बिल्ला मिळतो, हे कोणी त्याला सांगितलं असतं तर त्याने त्या माणसाला डॉक्टरकडे नेलं असतं.

कर्टिसने सांगायचा प्रयत्न केला नाही, असं नाही. फोनवर त्याने दोनदा सुरुवात केली होती.

"बाबा, त्या बिल्ल्याचं काय झालं—"

"नको," वेंडेल लगेच म्हणायचा. "बोलू नकोस. मला समजतं. असल्या गोष्टी माणूस बोलत नाही."

विमानतळावर त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर म्हाताऱ्याने भर गर्दीत त्याला मिठी मारली आणि कानात सांगितलं, "बोलू नकोस." तेव्हापासून कर्टिसची हिंमतच होईना. आणि आता हॉलमध्ये निम्मं गाव जमलं होतं. आई आर्डिसने हॉटडिशची, म्हणजे खिमा-बटाटे घालून भट्टीत भाजलेल्या पदार्थाची, मोठी ताटं आणि गाजर घातलेली लिंबाची जेली मांडून ठेवली होती. वेंडेल जुना कोट घालून उभा होता, आणि त्याच्या हातात होता त्याचा स्वतःचा बिल्ला, घासूनपुसून लख्ख केलेला.

"कर्टिस, इकडे ये," तो म्हणाला. "चाळीस वर्षं हा मी दुसऱ्याच्या हातात दिलेला नाही. आज तुझ्या छातीवर लावतो."

 कर्टिसने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"बाबा, मला नाही लावता येणार."

"अरे लाजतोस काय?"

"लाजत नाही. मला बिल्ला मिळालेलाच नाही. माझ्यावर कोणी गोळीच झाडली नाही."

 कॉफी ओतणाऱ्या बाईचा हात तसाच राहिला आणि कॉफी कपाबाहेर वाहू लागली.  शेवटी ड्वेन पुढे झाला. ड्वेन व्हिएतनामच्या लढाईतला मलमपट्टीवाला. गोळीबारात जखमींची मलमपट्टी करतात त्यांचा बिल्ला निराळा, तो त्याच्याकडे होता. त्यामुळे नियमांत आपल्यावाचून कोणाला काही कळत नाही, अशी त्याची खात्री होती.

"थांबा, थांबा. मार्ग निघेल," तो म्हणाला. "तुझ्या तुकडीतल्या कोणावर हल्ला झाला?"

"नाही."

"तुकडीच्या कशाला गोळी लागली? आठव नीट."

कर्टिस घुटमळला. "चड्ड्यांना."

"काय?"

"लाँड्रीच्या गाडीत आमच्याच तुकडीचे कपडे होते. परत आले तेव्हा माझ्या चड्डीला दोन भोकं होती."

ड्वेनने डोळे मिटून विचार केला. "अंगात होती?"

"नाही हो, काका. गाडीत होती. मी टेकडीवर."

"मग चड्डी पात्र आहे," ड्वेन म्हणाला. "तू नाहीस."

कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं. वेंडेल मात्र हसला नाही. "मग पुतण्या तुझा खोटं बोलला?" त्याने ड्वेनला विचारलं.

"खोटं नाही बोलला," मॅरिसेला म्हणाली. "सार्जंट हॅगस्ट्रॉमलाच मिळाला, बाबा. गाडीत मी होते."

वेंडेलने सुनेकडे पाहिलं, केककडे पाहिलं, पुन्हा सुनेकडे पाहिलं. मग त्याने चाचपडत खुर्ची शोधली आणि तो बसला.

"तुझ्यावर गोळ्या झाडल्या?"

"हो."

"आणि तू?"

"मी पण झाडल्या. धुतलेले कपडे होते ना सगळे."

"पोरी," एवढंच म्हातारा म्हणाला.  मग त्याने आपला निळा बिल्ला तिच्यापुढे धरला, पण तिने मान हलवली.

"तो पायदळाचा. मला चालत नाही. माझा माझ्याकडे आहे." तिने खिशातून आपला बिल्ला काढला. "कॅप्टनने घाईत हातात कोंबला होता. लावायचाय का तुम्हाला?"

वेंडेलने तो लावला. पहिल्यांदा वाकडा लागला, तो काढून त्याने पुन्हा लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो गर्रकन मुलाकडे वळला.

"हिच्यावर गोळ्या झाडत होते तेव्हा तू कुठे होतास?"

"टेकडीवर."

"काय करत होतास?"

"चहा पीत होतो."

"जा, भांडी घास," वेंडेल म्हणाला.

कर्टिस निमूटपणे स्वयंपाकघरात गेला आणि त्याने बाह्या वर सारल्या. बाहेर केक कापल्याचा गलका ऐकू येत होता. वडील पुन्हा आपल्याशी कधी बोलतील, याचा त्याला काही अंदाज येईना. तेवढ्यात वेंडेलच आत आला. त्याने फडकं उचललं आणि मुलाशेजारी उभा राहून एक ताटली पुसायला घेतली.

"वर्षभर?" त्याने विचारलं.

"वर्षभर."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. सॉरी, बाबा."

"सॉरी काय म्हणतोस, गाढवा." ताटली केव्हाच कोरडी झाली होती, तरी तो पुसत होता. "मला वाटलं, माझं झालं तेच तुझंही झालं असणार, अजून रात्री दचकून उठतो मी. बिल्ला आला म्हणजे झालंच. आता ते काही परत फिरवता येत नाही. निदान केक तरी करावा म्हटलं."

 कर्टिसने पुढची ताटली साबणाच्या पाण्यात बुडवली.

वेंडेलने ताटली खाली ठेवली आणि फडकं खांद्यावर टाकून तो बाहेर गेला. हॉलच्या मधोमध उभं राहून त्याने चमच्याने कप वाजवला.

"ऐका रे," तो म्हणाला. "माझ्या पोरावर कोणी गोळी झाडली नाही. वर्षभरात एकदाही नाही."

तरुण मंडळी एकमेकांकडे बघू लागली. म्हातारे मात्र एकेक करत उभे राहिले. ड्वेनने टोपी काढली. आर्डिसच्या हातात जेलीचं भांडं होतं, ते तिने जवळच्या कोणाच्या तरी हातात दिलं.

"पुन्हा सांग," ती नवऱ्याला म्हणाली.

वेंडेलने पुन्हा सांगितलं.